टीएसएच अचानक वाढला, गोळी तर एकही चुकली नाही!

कासवगती
मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४४, वजन ५८ किलो. सहा वर्षांपूर्वी हाशिमोटोचं (थायरॉइड ग्रंथीचा आजार) निदान झालं, तेव्हापासून थायरॉक्सिन (थायरॉइड हॉर्मोनची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम चालू आहे. वर्षातून एकदा तपासणी, आणि दर वेळी टीएसएच (थायरॉइडचं हॉर्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) दोन-अडीचच्या घरात. गेल्या आठवड्यात आला ९.८. चूक असेल म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत केला, तिथे ९.४.

गोळी सकाळी सहाचा गजर लावून, नुसत्या पाण्याबरोबर घेते. अगदी शपथेवर सांगते, एकही चुकलेली नाही. पण गेले दोन-तीन महिने जिना चढताना पाय ओढावे लागतात, दुपारी तीनला डोळे मिटतात, आणि घरच्यांच्या मते मी 'विनाकारण' चिडते. (कारणं असतात. त्यांना दिसत नाहीत.)

नेहमीचे डॉक्टर रजेवर आहेत. त्यांच्या जागी बसणाऱ्या डॉक्टरांनी फोनवर रिपोर्ट ऐकला आणि १०० ची गोळी सुरू करा म्हणाले. अजून केलेली नाही. सहा वर्षं जो डोस बेताचा होता तो अचानक कमी कसा पडला? वाढवण्याआधी आणखी काय बघावं? अनुभवी लोकांनी सांगा.

उगाच_एक
तुमची गोळी चुकली नसेल, गोळीची वाट चुकली असेल. हलके घ्या.

रेवा_के
वरचा विनोद वाटतो तितका विनोद नाही. माझ्या बाबतीत अगदी तेच झालं होतं. दोन वर्षं मी गोळी कॉफीबरोबर गिळत होते. म्हणजे पाणी पण असायचं, पण कॉफी लगेच पाचव्या मिनिटाला. टीएसएच सातच्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवायचं थांबवून विचारलं, 'गोळी घेतल्यावर पहिली गोष्ट काय तोंडात जाते?' कॉफी तासभर पुढे ढकलली, बाकी काही केलं नाही, पुढच्या तपासणीत तीन. तुमची कॉफी कधी असते?

कासवगती
कॉफी पीत नाही. चहा सातला, बिनसाखरेचा. सहा वर्षं हेच आहे.

शिस्तप्रिय
मला कळत नाही, डॉक्टरांनी १०० लिहून दिली आहे ना? मग घ्यायची. इथे अनोळखी माणसांना विचारून डोस ठरवणार का?

औषधवाली
@शिस्तप्रिय, डोस कुणीच ठरवत नाहीये. पण डॉक्टरांपुढे जी माहिती गेलीच नाही ती गोळा करायला काय हरकत आहे?

मी फार्मासिस्ट आहे, १७ वर्षं काउंटरच्या मागे उभी आहे. 'गोळी नियमित, तरी टीएसएच वर' अशी तक्रार आली की मी ठरलेले प्रश्न विचारते. कासवगती, तुम्हालाही विचारते.

गेल्या सहा महिन्यांत कुठलीही नवी गोळी सुरू झाली का? 'कुठलीही' म्हणजे चिठ्ठीवरची, बिनचिठ्ठीची, ताकदीची, हाडांची, केसांची, सगळी. लोक 'औषध काहीच नाही' म्हणतात आणि मग पर्समधून कॅल्शियम निघतं. थायरॉक्सिनच्या गोळीची कंपनी बदलली का? गोळ्या कुठे ठेवता? वजन बरंच वाढलं का? इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक किंवा रजोनिवृत्तीची औषधं? फिट्सचं किंवा क्षयाचं औषध?

कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला चिकटून बसतात आणि ते जोडपं रक्तात शिरत नाही, जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यामुळे ही दोन आणि पोटातल्या जळजळीवरची अ‍ॅल्युमिनियमवाली पातळ औषधं थायरॉक्सिनपासून निदान चार तास लांब ठेवायची. आधीच रिकाम्या पोटी, सगळं नीट असतानासुद्धा गोळीतलं साधारण ७० ते ८० टक्केच शोषलं जातं. त्यात आणखी वाटेकरी नकोत.

मुक्तविचार
एकदा गोळी सुरू झाली की जन्माची चिकटते, हे आधी कुणी सांगत नाही. शरीराला बाहेरून आयतं मिळालं की ग्रंथी आळशी होणारच. माझ्या धाकट्या बहिणीने सरळ बंद केली. एकदम ठणठणीत आहे.

रेवा_के
किती दिवस झाले बंद करून?

मुक्तविचार
तीन आठवडे.

उगाच_एक
खिक्.

पांढरा_कोट
मी डॉक्टर आहे, पण इथे कुणाचाही डॉक्टर नाही, हे आधी लिहून ठेवतो.

मुक्तविचार, तीन आठवडे ठणठणीत असण्यात नवल काहीच नाही. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवस. म्हणजे गोळी थांबवल्यावर आठवड्याने रक्तात निम्मं उरतं, दोन आठवड्यांनी पाव, तीन आठवड्यांनी आठवा हिस्सा. तुमच्या ताई अजून साठ्यावर चालल्या आहेत. साठा संपला आणि त्यांची स्वतःची ग्रंथी पुरेसं बनवत नसेल, तर आधी थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, मग सूज, मंदावलेली नाडी, आणि फारच दुर्लक्ष झालं तर बेशुद्धीपर्यंत मजल जाते.

ग्रंथी आळशी झाली म्हणून गोळी लागते असंही नाही. हाशिमोटोत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. ग्रंथी झिजते, म्हणून गोळी लागते. काहींची गोळी खरंच थांबवता येते, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर काही महिन्यांपुरती बिघडलेली ग्रंथी, किंवा टीएसएच जेमतेम वर असताना सुरू केलेलं औषध. पण ते तपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली.

जाता जाता, १८९१ साली जॉर्ज मरे नावाच्या इंग्लिश डॉक्टरने ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. तोवर या आजारावर इलाजच नव्हता, माणूस हळूहळू सुजून, मंदावून मरायचा. त्या बाई बऱ्या झाल्या आणि पुढे २८ वर्षं जगल्या. 'जन्माची चिकटली' ही तक्रार त्यांनी केली असती असं वाटत नाही.

उगाच_एक
२८ वर्षं मेंढीचा अर्क! एकूण किती मेंढ्या लागल्या असतील?

पांढरा_कोट
आठशेहून जास्त. मरेंनी स्वतःच हिशेब छापला होता.

उगाच_एक
दंडवत. उद्यापासून माझ्या त्या इवल्याशा पांढऱ्या गोळीकडे आदराने बघेन.

धाकटी_पाती
गंमत चालू द्या, पण 'डोस वाढवा' या सल्ल्याची दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. ती लिहिते.

बाबा ७२ वर्षांचे. थायरॉक्सिन १२५, कित्येक वर्षं. मधल्या आजारपणात त्यांचं वजन जवळजवळ वीस किलोंनी उतरलं. डोस तोच राहिला. तपासणी दोन वर्षं झालीच नाही, कारण 'थायरॉइड तर कंट्रोलमध्ये आहे'. हात थरथरायला लागले, आम्ही म्हटलं वय झालं. झोप उडाली, म्हटलं म्हातारपणी उडतेच. घाम यायचा, म्हटलं उकडतंय. एका पहाटे छातीत फडफड सुरू झाली आणि थांबेना. दवाखान्यात कळलं, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं. टीएसएच निघाला ०.०४. म्हणजे औषध गरजेपेक्षा पुष्कळ जास्त होत होतं आणि हृदय महिनोन्‌महिने ते सोसत होतं. हाडांची घनताही उतरलेली निघाली.

मग डोस टप्प्याटप्प्याने कमी केला. रक्त पातळ करायला वॉरफरिन सुरू झालं, तर डॉक्टरांनी सांगितलं की थायरॉक्सिनचा डोस हलला की वॉरफरिनचा परिणामही हलतो, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) पुन्हा पुन्हा बघावा लागेल. एका गोळीच्या मागे किती धागे गुंतलेले असतात ते तेव्हा कळलं.

टीएसएच वाढला तर आपण धावतो, कमी झाला तर कुणाला काही वाटत नाही. उलट 'छान, कमी आला' म्हणतात!

रेवा_के
+१. शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. साखर आणि कोलेस्टेरॉलने आपल्याला 'कमी म्हणजे चांगलं' शिकवून ठेवलंय.

पांढरा_कोट
इथे उलटं गणित असतं. टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम आहे. हॉर्मोन कमी पडलं की हुकूम मोठ्याने, जास्त झालं की आवाज बंद. साधारण ०.४ ते ४ ही पट्टी, प्रयोगशाळेनुसार थोडी इकडेतिकडे, आणि वय वाढेल तशी वरची मर्यादा थोडी सैल. म्हणूनच उतारवयात आणि हृदयविकार असेल तर सुरुवातच १२.५ किंवा २५ ने करतात, घाई करत नाहीत.

दोन अपवाद. थायरॉइडचा कर्करोग होऊन गेलेल्या काहींचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. आणि ज्यांची पिट्युटरीच बिघडलेली आहे त्यांच्यात टीएसएच बघून काही कळत नाही, फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) बघावा लागतो. तेव्हा शेजारणीचा रिपोर्ट आपल्या रिपोर्टशेजारी ठेवून तुलना करू नका.

मधली_सुट्टी
नाव बदलून लिहावं असं वाटत होतं, पण इथे नाव खोटंच आहे, तर लिहितेच.

मी वजन उतरवायला दुप्पट गोळ्या घेतल्या होत्या. माझी ५० ची होती, दोन घ्यायचे. कुठेतरी वाचलं होतं की चयापचय वाढतं. पहिले दोन आठवडे काहीच झालं नाही, म्हणून जोर आला. सहाव्या आठवड्यात नाडी बसल्याबसल्या ११०, रात्री तीनला टक्क जागी, आणि उतरलं किती? तीन किलो. त्यातही डॉक्टरीण म्हणाली की चरबीबरोबर स्नायूही गेला असणार. असं ओरडली की विचारू नका. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशाराच असतो, वजन कमी करण्यासाठी वापरू नये, मोठ्या डोसात जिवावर बेतू शकतं. मी चौकट सोडून बाकीचं सगळं वाचलं होतं.

वाटसरू_७
अवांतर: चुकून एक गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? आमच्याकडे यावरून रोज भांडण.

शिस्तप्रिय
नाही. पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, दुप्पट डोस घेऊ नका.

रेवा_के
मला माझ्या डॉक्टरांनी घ्या म्हणून सांगितलंय.

पांढरा_कोट
दोघंही खरं बोलताय. सात दिवसांच्या अर्धायुकालामुळे एखादी गोळी राहिल्याने आभाळ कोसळत नाही. त्याच दिवशी आठवली आणि पोट रिकामं असेल तर घेऊन टाकावी. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या की राहिली ती सोडून द्यायची, यावर सल्ले वेगवेगळे मिळतात, कारण तरुण निरोगी माणसाला जे चालतं ते हृदयविकाराच्या माणसाला चालेलच असं नाही. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, उत्तर डब्याला चिकटवा, भांडण मिटवा. आठवड्यातून तीनदा राहत असेल तर मात्र प्रश्न वेगळा आहे.

वाटसरू_७
भांडण मिटलं तर जेवताना बोलायचं काय?

शून्य_पूर्णांक
कासवगती, १०० ची गोळी आणाल तेव्हा एककाकडे नीट बघा. आमच्या सासूबाईंची गोष्ट. त्यांच्याकडे एका कंपनीची बाटली होती, '५० मायक्रोग्रॅम'. ती संपत आली म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली, तिच्यावर छापलेलं '०.०५ मिलिग्रॅम'. दोन्ही एकच! पण त्यांना वाटलं एक मोठी ५० ची आणि एक चिमुकली पूर्णांकात न बसणारी, तर ही बहुतेक जोडीला दिली असणार. दीड महिना दोन्ही घेतल्या. मुलाने सहज बाटल्या वाचल्या म्हणून कळलं. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे घरात हा विषय काढायला बंदी आहे.

औषधवाली
हे आम्हीही पाहतो. ०.१ मिलिग्रॅम म्हणजे १००, ०.०२५ म्हणजे २५. रंगावर पण विसंबू नका, एकाची ५० ची पांढरी तर दुसऱ्याची वेगळीच. आणि शक्यतो एकाच कंपनीची घेत राहा. औषध तेच असलं तरी हे फार थोड्या प्रमाणात लागणारं औषध आहे, मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जाणारं. कंपनी बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

ठेवण्याबद्दल: उजेड, दमटपणा आणि उष्णता नको. बाथरूममधलं कपाट आणि स्वयंपाकघरातली खिडकी, दोन्ही बाद. मूळ बाटलीत, झाकण घट्ट. फ्रिजची गरज नाही.

आनंदमात्र
लेकीच्या वेळी मला डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, दिवस राहिल्याचं कळलं की वाट बघू नकोस, आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घे आणि मग मला फोन कर. पहिल्या तिमाहीत बाळ जवळपास पूर्णपणे आईच्या हॉर्मोनवर असतं आणि आईची गरज चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढायला लागते म्हणे, म्हणजे अनेकींना कळतं न कळतं तोच. सुरुवातीला दर चार आठवड्यांनी रक्त तपासलं. लोहाची गोळी रात्री, थायरॉइडची पहाटे. बाळंतपणानंतर लगेच जुन्या डोसवर. अंगावर पाजतानाही चालूच होती, त्याने काही बिघडत नाही. माझा आकडा दुसरीने उचलू नये, आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावा.

चिमणपाय
आमच्या मुलाला जन्मतःच ग्रंथी नाही. टाचेतल्या रक्ताच्या तपासणीत सापडलं, बाराव्या दिवशी औषध सुरू. इतक्या लहान बाळाला गोळी कशी देणार म्हणून रडले होते. चमच्यात चुरडून, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात, लगेच. बाटलीभर दुधात कधीच नाही, बाळाने अर्धी सोडली तर डोसही अर्धाच जातो. आता साडेपाच वर्षांचा आहे आणि आम्हा दोघांना पुरून उरतो.

उगाच_एक
@चिमणपाय, हा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या पोराला एक टाळी.

जागी_रात्र
कुणी रात्री घेतं का? मला सकाळी घाई असते, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास थांबणं शक्यच होत नाही. डॉक्टरांना विचारून झोपताना घ्यायला लागले, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. दोन वर्षं टीएसएच स्थिर आहे. अट एकच, जेवणानंतर चरायचं नाही. ती पाळणं सकाळी थांबण्यापेक्षा अवघड आहे हे नंतर कळलं.

रेवा_के
कासवगती कुठे गेल्या? धागा त्यांचा आणि पंगत आपली.

कासवगती
आले, आले. औषधवाली यांचे प्रश्न वाचून घरातला औषधांचा डबा पलंगावर ओतला. लाज वाटली खरं तर.

कंपनी तीच. जागा बरी आहे, कपाटात. वजन दीड किलो वाढलंय. केसांसाठी बायोटिन आणलेलं, पण फोडलेलं नाही. कॅल्शियम मार्चपासून, नाश्त्याबरोबर, आठ वाजता. आणि पाच महिन्यांपूर्वी खांदा आखडला होता तेव्हा दुखण्याच्या गोळ्यांबरोबर पित्ताची गोळी दिली होती, सकाळी उपाशीपोटी घ्यायची. दुखण्याच्या गोळ्या तीन आठवड्यांत संपल्या. पित्ताची मात्र चालूच आहे. बंद करा असं कुणी म्हटलंच नाही! थायरॉइडची पण उपाशीपोटी, ती पण उपाशीपोटी, म्हणून सहाच्या गजराला दोन्ही एकत्र गिळते. मला तर हे फार व्यवस्थितपणाचं वाटत होतं.

उगाच_एक
चोर सापडला! आणि तो गजर लावून येत होता.

रेवा_के
मग सोपं आहे. कॅल्शियम रात्री न्या, पित्ताची गोळी चार तासांनी घ्या. काम फत्ते.

औषधवाली
कॅल्शियमबद्दल सहमत, सहा ते आठ हे दोनच तास झाले. पण पित्ताच्या गोळीला अंतराचा उपाय लागू पडत नाही. कॅल्शियम थायरॉक्सिनला चिकटतं, म्हणून दोघांना लांब ठेवलं की झालं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही मंडळी चिकटत नाहीत, ती पोटातलं आम्लच कमी करून टाकतात, आणि तेही दिवसभरासाठी. थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. तुम्ही सहाला घ्या नाहीतर दहाला, पोट तेच आहे.

पांढरा_कोट
बरोबर. आता कासवगती, एवढंच करा. त्या फोनवरच्या डॉक्टरांना पुन्हा फोन करून या दोन गोळ्यांबद्दल सांगा. त्यांनी १०० लिहिली तेव्हा त्यांच्यापुढे फक्त ९.८ हा आकडा होता. पित्ताची गोळी अजून लागते का हा खरा प्रश्न आहे. कुणाला अल्सर झालेला असतो, कुणी रक्त पातळ करणारं औषध घेत असतं, त्यांनी ती आपणहून थांबवायची नसते. अशांचा थायरॉक्सिनचा डोस वाढवणं हाच योग्य मार्ग ठरू शकतो. पण डोसही वाढवला आणि पित्ताची गोळीही थांबवली असं एकदम झालं, तर दोन महिन्यांनी तुम्ही धाकटी_पाती यांच्या बाबांच्या रांगेत उभ्या राहाल.

आणि एवढं करून टीएसएच उतरला नाही, तर सीलिअ‍ॅक (ग्लूटेनमुळे आतडं बिघडवणारा आजार) किंवा पोटाच्या अस्तराचा विकार आहे का, हे तुमचे डॉक्टर बघतील.

बायोटिन फोडलं नाहीत ते बरं. ते अनेक यंत्रांना फसवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतं. तुमचा आकडा वर गेलाय, तेव्हा हा दोष त्याचा नव्हे, पण पुढे घेतलंत तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. आणि तपासणीच्या सकाळी थायरॉक्सिन रक्त दिल्यानंतर घ्या. टीएसएचला फरक पडत नाही, पण फ्री टी४ गोळीनंतर काही तास चढलेला दिसतो.

शिस्तप्रिय
मागच्या माझ्या प्रतिसादात सुधारणा: डॉक्टरांना सगळं सांगायचं, मग ते सांगतील तसं करायचं.

उगाच_एक
@शिस्तप्रिय, वाचनखूण साठवली.

(साधारण तीन महिन्यांनी)

कासवगती
धागा वर काढतेय, कारण अशा धाग्यांत पुढे काय झालं ते कधीच कळत नाही आणि मला त्याचा फार राग येतो.

फोन केला. डॉक्टर म्हणाले, थांबा, १०० नको, तुमचे डॉक्टर आले की भेटा. आमच्या डॉक्टरांनी यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. खांद्यावर उपचार करणाऱ्यांना थायरॉइडचं माहीत होतं, पण आमच्या डॉक्टरांना खांद्याचं माहीत नव्हतं, आणि दोघांच्या मधे पोस्टमन मी. पित्ताची गोळी हळूहळू कमी करून बंद केली. पहिले दहा दिवस छातीत जळजळ झाली, आधीपेक्षा जास्त, पण तसं होईल हे त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. कॅल्शियम रात्री. थायरॉक्सिन ७५ तेच. बरोबर आठ आठवडे थांबून टीएसएच केला, मधे दोनदा मोह झाला तरी. आला ३.१. जिना पुन्हा जिन्यासारखा झालाय. चिडचिड आहे तशीच आहे, तिचा थायरॉइडशी संबंध नव्हता असं दिसतं.

औषधवाली
वा! हा धागा मी काउंटरवर लोकांना दाखवणार आहे.

धाकटी_पाती
छान झालं. आमचे बाबाही स्थिर आहेत. तपासणीची तारीख आता त्यांच्याच फोनवर लावून दिली आहे, ती वाजली की ते मला ओरडतात.

मुक्तविचार
इथे येणार नव्हतो, पण कासवगतींनी पुढचं लिहिलंय तर मीही लिहितो. बहिणीचा टीएसएच ३८ आला. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजला होता, फोन उचलायचा सुद्धा कंटाळा करत होती. गोळी परत सुरू केली आहे. तिने बंद केली ती माझं ऐकून, हे मागे लिहिलं नव्हतं.

रेवा_के
लिहिलंत ते चांगलं केलंत. ताईंना लवकर बरं वाटू दे. डोस बसायला सहा-आठ आठवडे जातील, तोवर त्यांच्यावर चिडू नका.

मुक्तविचार
चिडायचा हक्क सध्या तिच्याकडे आहे.

उगाच_एक
मेंढ्यांचा विषय मी काढणार नाही. आज नाही.